आतोबांच्या राजाची उडी

आमच्या आतोबांइतका, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतका हट्टी माणूस उंब्रजच्या पाण्यावर पुन्हा होणे नाही. बुद्धिबळाला बसले की उसाच्या फडाला आग लागली तरी उठायचे नाहीत. सुरुवात जन्मभर एकच: राजापुढचं प्यादं एक घर. प्यादं मेलं की "गेलं बिचारं" म्हणत ते उपरण्याच्या गाठीत बांधायचे. एकदा सांगलीच्या स्पर्धेत हरून आले आणि "तितं डाव जिकल्याबिगर च्याला शिवणार न्हाई" अशी शपथच घेऊन बसले. नवरा पीत नाही म्हणून आत्यानेही चहा सोडला. आणि आत्या कसली चहाबाज! शेजारच्या चुलीवर चहा उकळायला लागला की हिच्या तव्यावरची भाकरी करपायची. सहा वर्षं चाललं हे. मला तर भयंकर राग यायचा.

जर्मनची दुसरी लढाई संपली त्या वर्षी मी त्यांना पुन्हा सांगलीला नेलं. या खेपेला विलायती नियम होते. पंच ते वाचून दाखवत होते, आणि आतोबा निवांत सुपारी कातरत होते. प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाऊ शकतं, एवढंच त्यांच्या कानावर गेलं. "पयल्याच पावलाला दोन घरं? दम लागंल की रं त्याला!" म्हणून त्यांनी आपलं एकच घर सरकवलं. पण काय खेळले म्हणता! समोरच्या वकिलांना घाम फुटला. डाव हातात आला होता. तेवढ्यात आतोबांनी राजाला घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायला लावली. आमच्या गावच्या खेळात राजाला अशी एक उडी असते, विलायतीत नसते. पंच म्हणाले, "हे चालणार नाही." वकील भला माणूस, म्हणाला, "काका, मागं घ्या, दुसरी खेळी करा."

"उडी मारल्यावर राजा मागं येतोय व्हय?" आतोबा म्हणाले, डाव सोडला आणि वकिलांचे हात हातात घेऊन उठले.

उंब्रजला पोचलो. दारात आत्या उभी. "जिकलासा?"

"जिकलो. च्या टाक."

मी चूल फुंकायला बसलो. आत्याने गुळाचा चहा केला, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आतोबा तिच्याकडेच बघत होते. त्यांची बशी मात्र तशीच. "आज पोटात बरं न्हाई," म्हणाले.

मग रोजच त्यांच्या पोटात बरं नसायचं. आत्या काही न विचारता रोज दोन कप चहा करायची, आणि दोन्ही स्वतःच प्यायची. आतोबा गेले, त्या दिवसापासून ती एकच कप करू लागली, आणि तोही तिला संपेना.