शेडमास्तरांचा नातू

माझे सासरे, अण्णा, ट्यूबलाइटखाली कुठल्याही रंगाबद्दल मत द्यायचे नाहीत. साडी असो की आंबा, "खिडकीशी आणा," म्हणायचे. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं शेड जुळवल्या होत्या. तिथे सगळे त्यांना शेडमास्तरच म्हणत.

सासूबाई नव्हत्या, म्हणून माझ्या बाळंतपणाला ते एकटेच सिंगापूरला आले. बाळाला कावीळ झाली. हॉस्पिटलात त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, आणि दोन दिवसांत त्याची कातडी जुन्या पितळेसारखी करडी-तपकिरी झाली. डॉक्टरीणबाईंनी दिवे थांबवले. म्हणाल्या, दिवे गरजेचेच होते. याचं यकृत मंद चालतंय, म्हणून दिव्यांमुळे तयार झालेला हा रंग कातडीत साठला. यकृत सुधारलं की जाईल. रक्त तपासत राहू, पण शी पांढुरकी दिसली तर लगेच या.

बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटवर आल्यावर मी पडदे ओढून घेतले. व्हिडिओ कॉल बंद. पुण्याहून माझ्या आत्याने फोनवर डाळीचं पीठ लावायला सांगितलं, तेव्हा अण्णांनी फोन घेतला. "रंग वरून लागलेला नाही, ताई. आतून आलाय. पिठाने काय होणार?"

रोज सकाळी नऊला ते पडदा सारून बाळाला खिडकीशी न्यायचे. कपाळ बघायचे, तळवे बघायचे, मग लंगोट.

"आज फरक नाही."

"अण्णा, एखाद्या दिवशी खोटं तरी बोला."

"आज खोटं बोललो, तर खरं सांगेन त्या दिवशी तुझा विश्वास बसायचा नाही."

मला त्यांचा राग यायचा. तरी नऊ वाजायची वाट मीच बघायचे.

पाचव्या आठवड्यात त्यांनी हाक मारली. "मेघना, इकडे ये. कानामागे बघ." तिथे नखाएवढी गुलाबी कातडी दिसत होती. "उतरायला लागलाय," ते म्हणाले. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. त्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्टही चांगला आला, पुढचा त्याहून चांगला.

बारसं बाराव्या दिवशी झालंच नव्हतं. ते अण्णांनी तिसऱ्या महिन्यात, भर दुपारी केलं. ब्लॉकमधल्या प्रत्येक दारावर स्वतः गेले. "माय ग्रँडसन. कम अँड सी." घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेजारच्या चिनी आंटी बाळाला मांडीवरून सोडेनात. "सो हँडसम, लाह" असं कुणी म्हणालं की अण्णा मान डोलवायचे, जणू नवीन काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. बारशाचा एक फोटो माझ्या टेबलावर आहे. त्यात सगळे बाळाकडे बघताहेत. अण्णा मात्र माझ्याकडे बघून हसताहेत.