इजेचा पुरावा

माझ्या टेबलावर पंजा आपटल्याशिवाय चाचांना बोलायला सुरुवातच करता येत नसे. आधी धाडकन आवाज, मग हुकूम, "लिव!" धामणकर नाक्याजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. टेबलावरची काच चाचांनी दोनदा फोडली. दुसऱ्या खेपेला तळहात चांगलाच कापला, रक्त अर्जावर सांडलं. मी फडकं शोधायला लागलो तर म्हणाले, "पुसत काय बसलास? लिव!" त्यानंतर मी काच बसवण्याचा नाद सोडला आणि प्लायवूड ठोकून घेतलं.

मागच्या गल्लीतला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना त्यांचा. घराणं कोकणी मुसलमानांचं, भिवंडीत कैक पिढ्यांचं. शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, त्यामुळे मराठी बोलायचे ठणठणीत, वाचायचे मात्र अडखळत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांच्या लेखी 'टायपिंग' होतो. "ए टायपिंग, हाय का जागेवर?" अशी हाक आली की शेजारचा पानवाला माझ्याकडे बघून हसायचा.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर. एकदा वीज कंपनीला पत्र लिहायचं होतं. "लिव, पुढच्या खेपेला तुमचा मीटरवाला आला ना, त्याच्या तंगड्या तोडून पोत्यात भरून पाठवीन." मी टाइप केलं : 'आपल्या कर्मचाऱ्यांस योग्य ती समज देण्यात यावी, ही नम्र विनंती.' मग वाचून दाखवलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली. "बराबर. हेच बोल्लो मी."

असं मी बारा-पंधरा वर्षं केलं. 'गळा दाबीन' म्हटलं की 'तीव्र नाराजी'. 'आग लावीन' म्हटलं की 'पुढील कार्यवाहीचा हक्क राखून'. या कलेचा मला अभिमानसुद्धा होता, खोटं कशाला सांगू? चाचांना यातलं काही कळत नाही, अशी माझी खात्री होती.

पण ते नुसते तोंडाचे फटकळ होते असं समजू नका. बाहेर देशातलं स्वस्त कापड यायला लागलं तेव्हाची गोष्ट. एक दलाल त्या कापडाचं थान काखेत घेऊन नाक्यावर उभा होता. चाचांना बघून त्याला चेष्टा सुचली. म्हणाला, "चाचा, तुम्हाला सूत ज्या भावात मिळतं, त्या भावात मी तयार कापड देतो. लूम कशाला चालवता? झोपा काढा." चाचांनी थान हिसकावून त्याच्या तोंडावर हाणलं. तो खाली पडला. मग त्याच कापडाचा फेरा त्याच्या गळ्यात घालून ते त्याला रिक्षास्टँडपर्यंत फरफटत घेऊन गेले. सुरुवातीला लोक हसत होते. दलालाचा चेहरा काळानिळा पडला तेव्हा हसणं थांबलं. मी आणि तीन रिक्षावाल्यांनी मिळून चाचांची बोटं एकेक करून सोडवली. मला त्या दिवशी त्यांची मनापासून भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि पंजा न आपटताच बसून राहिले. हळूच म्हणाले, "तुम्ही न्हाय आला असता तर मेला असता ना तो?" मी हो म्हटलं. ते उठून निघून गेले.

माझं गाव भिवंडीला लागूनच असलेलं पूर्णा. तिथे आता शेतं कमी आणि गोदामं जास्त. माझा भाऊ त्यातल्याच एका गोदामात वॉचमन आहे, आणि बाहेरच्या कापडाच्या गाठी तिथेच उतरतात. हे चाचांना कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या भावाची सुट्टी कधी असते?" मी विचारलं, कशाला? "गोदाम जाळायचा हाय. तुझा भाऊ आत नको." मी सांगितलं, भाऊ सुट्टी घेतच नाही. चाचा खरंच खट्टू झाले.

मग ते सरकारी पत्र आलं, इंग्रजीत. बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडाबद्दल सरकार सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेणार होतं. ज्यांना झळ बसली त्यांनी मुंबईला बैठकीला यावं, बोलावं. कारखान्यातले निम्मे लूम तेव्हा बंद पडले होते. उरलेले चालू ठेवायचे की नाही ते या बैठकीवर ठरणार, असं चाचांनी मनाशी धरलं होतं. पत्रात एका ओळीखाली जाड रेघ होती. चाचांनी तिच्यावर बोट ठेवलं. "हा काय लिवलाय?" दुकानात गर्दी होती. मी नजर टाकली आणि शब्दाला शब्द सांगून मोकळा झालो : "देशी उद्योगाला झालेल्या इजेचा पुरावा सोबत आणावा."

"इजेचा?"

"हो, इजेचा."

चाचांनी दोनदा तो शब्द पुटपुटला. "इजा तर हाय," म्हणाले.

बैठकीला मी सोबत गेलो. गाडीत मागे त्यांच्या कारखान्याचा गेटवाला होता. आझमगडचा म्हातारा, तीस वर्षं त्यांच्याकडे विणकर होता. तो कशाला आला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

थंडगार हॉल, लांब टेबल, प्रत्येकासमोर माइक. चाचांचा नंबर आला. ते उभे राहिले आणि गेटवाल्याला पुढे ओढून त्यांनी त्याचा काळा चष्मा काढला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता खळगा होता. "धोटा उडाला," चाचा म्हणाले. ताण्याच्या सुतातून इकडून तिकडे धावणारा, टोकाला पोलाद असलेला तो लाकडी तुकडा एखाद्या वेळी लूममधून सुटतो आणि समोर जो असेल त्याला लागतो. भिवंडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या हॉलमध्ये कोणालाच नव्हतं. मग चाचांनी स्वतःच्या शर्टाची बटणं सोडली. गळ्याखाली मोडून वेडंवाकडं जुळलेलं हाड होतं, त्यावर वीतभर वण. "ही माझी. तुम्ही बोल्ला इजा दाखवा. बघा."

एक तरुण अधिकारी फार सभ्यपणे म्हणाला, "काका, इथे 'इंजुरी' म्हणजे तसं नाही. उत्पादन किती घटलं, भाव किती पडले, त्याचे तक्ते लागतात."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. माझा शब्द चुकला, 'नुकसान' म्हणायला हवं होतं, एवढंच सांगायचं होतं. माझ्याच्याने झालं नाही.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. चाचांचा पंजा टेबलावर पडला, माइक उडाला, पाण्याचे ग्लास फुटले. "मग ही कोणाची हाय? ही काय बकऱ्याची हाय?" ते टेबलावर चढायला गेले. दोन गार्डनी त्यांना खाली खेचलं, एकाने मान दाबून फरशीवर पालथं पाडलं. शर्ट उघडाच होता. म्हातारा गेटवाला गार्डच्या हाताला झोंबत ओरडत होता, "छोड़ो, सेठ हैं हमारे!" चाचांचा ओठ फाटला. आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा आत पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

चार महिन्यांनी लूम भंगारात निघाले. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली. चाचांनी त्यांच्या हातातला घण काढून घेतला आणि त्यांना बाहेर काढलं. दोन दिवस गल्लीत घाव ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकान बंद करून गेलो.

चाचा घामाने निथळत होते. बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे उडून कपाळाला, दंडाला लागले होते, ठिकठिकाणी रक्त सुकलं होतं. सगळीकडे मोडलेली चाकं, सांगाडे. भिंतीकडचा एकच लूम उभा होता.

"चाचा, तो शब्द माझा चुकला होता. चूक माझी होती. मी तिथेच बोलायला पाहिजे होतं."

"मना ठावं हाय. दुसऱ्या दिवशी पोरीने पत्र वाचून दाखवला."

"मग मला मारलं का नाहीत?"

चाचांनी घण खाली ठेवला. "इतकी वर्षं तू माझा एक शब्द बराबर लिवला न्हायस. मना काय कळत न्हाय? तंगड्या तोडीन बोल्लो, तू विनंती लिवलीस. पत्र जायचा, काम व्हायचा, म्हणून मी गप. एकदाच तू बराबर बोल्लास, इजा. त्याच्यासाठी तुला मारू?"

त्यांनी घण उचलून माझ्या हातात दिला. "शेवटचा तू मार. माझे हात गेले."

मी नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतले. मी मारला, तो निसटला. "विनंती करतोस काय त्याला?" चाचा ओरडले. मग मात्र मी मारायला लागलो. त्या हॉलला, त्या फिसकन हसणाऱ्याला, पूर्णेच्या गोदामांना, माझ्या स्वतःच्या थोबाडाला. माझ्या तोंडून अशा शिव्या निघत होत्या की त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. बीड फुटलं, एक तुकडा सणकन माझ्या नडगीत घुसला. मी तरीही सांगाडा आडवा होईपर्यंत थांबलो नाही.

चाचांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. आठवड्याने ते पनवेलला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. त्या दुपारी मी जमिनीवर बसलो होतो, पायजमा रक्ताने भिजला होता. त्यांनी कोपऱ्यातलं, आपल्याच लूमवर विणलेलं शेवटचं थान ओढलं, माझ्या पायाशी उकिडवे बसले आणि पट्टी काढायला कापडाची कड दातात धरली. कापड फाटेना. दात जुने होते. त्यांनी पुन्हा जोर लावला, पुन्हा फाटेना. मग त्यांनी कापड तोंडातून काढून हातात धरलं, उलटसुलट करून बघितलं आणि लहान मुलासारखे हसले.

"बघ," म्हणाले, "फाटतच न्हाय."