टायमिंग बेल्टसाठी कोथरूड ते हडपसर

नागपूरला मावशीच्या नव्या घरी बुद्धवंदना आहे. आईला गुडघ्यामुळे रेल्वेचा जिना नको आणि बसची रात्र नको, म्हणून गाडीने जायचं ठरलं. तिथल्या रस्त्याचं वर्णन वाचायला आला असाल तर हे ते नाही. हा त्याआधीच्या शनिवारचा प्रवास आहे, सगळा पुण्यातल्या पुण्यात. जुनी गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांना तो जास्त उपयोगी पडेल.

गाडी मामांची, डिझेल. गेल्या वर्षी मी ती त्यांच्याकडून घेतली. घरातली गाडी म्हटल्यावर कोणी सर्व्हिसची बिलं मागत नाही. मी मागितली होती, मिळाली नाहीत. आई दोन दिवस बोलली नव्हती. "सख्ख्या भावाकडे बिल मागतेस?" एवढंच म्हणाली होती.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनच्या आतला दात्यांचा रबरी पट्टा. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ तो राखतो. माझ्या गाडीसारख्या इंजिनात तो चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन निकामी होतं. तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. जी आधी येईल ती पाळायची. आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. काही गाड्यांत बेल्टऐवजी साखळी असते, तेही आधी पाहून घ्या. माझ्या गाडीचे किलोमीटर मर्यादेच्या आत होते, वर्षं उलटून गेली होती.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "बदललाय बेल्ट. जगतापने जुना काढून डब्यात घालून दिलाय. डिकीत असेल बघ." जगताप म्हणजे त्यांचे हडपसरचे मेकॅनिक.

पुण्यातल्या गॅरेजांची ही पद्धत तुम्हाला माहीत असेल. नवा पार्ट ज्या डब्यातून येतो त्यात जुना घालून गिऱ्हाइकाला परत देतात, काम झाल्याची खूण म्हणून. गिऱ्हाईक तो डबा उघडत नाही. डबा स्टेपनीशेजारी वर्षानुवर्षं फिरतो.

मी उघडला. मी एका कारखान्यात रबराच्या भागांची तपासणी करते, त्यामुळे हे माझं रोजचंच काम आहे. चाललेल्या बेल्टची पाठ गुळगुळीत होते, तिच्यावरची छापील अक्षरं पुसट होतात. या बेल्टवरचं प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. दात्यांच्या कडा शाबूत होत्या. तो कधी फिरलाच नव्हता.

म्हणजे इंजिनात जुनाच होता. कोणी तरी खोटं बोलत होतं. जगताप की मामा, एवढाच प्रश्न होता. आईला मी तो प्रश्न विचारला नाही, पण डबा पाहून तिला तो कळला. "मी पण येणार हडपसरला," ती म्हणाली.

सकाळी पोहे खाऊन निघालो. खरं तर अशी गाडी उचलूनच न्यायला हवी. मी चालवत नेली, तुम्ही तसं करू नका. कर्वे रस्ता, म्हात्रे पूल, स्वारगेट. मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागून हॉर्न वाजत होते. आई खिडकीबाहेर पाहत होती.

स्वारगेटवरून नाना पेठेत वळलो. स्पेअर पार्ट इथे घ्यावेत, पण गाडी लावायला जागा मिळेल अशी आशा धरू नये. आई गाडीत बसली, मी पळत दुकानात गेले. डब्यातला बेल्ट नवा असला तरी डिकीच्या उन्हात इतकी वर्षं पडलेलं रबर मला बसवायचं नव्हतं. नुसता बेल्ट घेऊही नये. त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाटेवर ठेवणारी आयडलर पुली असं पूर्ण किट घ्यावं. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही घ्यावा, कारण पंप नंतर गेला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

"ओरिजिनल आहे ना?" मी विचारलं.

"डुप्लिकेट हवं असेल तर समोर मिळेल," दुकानदार वर न बघता म्हणाले.

मी पार्ट नंबर मॅन्युअलशी ताडून पाहिला, पुल्या बोटाने फिरवून पाहिल्या, सील पाहिलं.

"आपण घेणार आहात की पास करणार आहात?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांनी बिल न मागता दिलं.

पुलगेटवरून सोलापूर रस्त्याने हडपसर. जगतापांचं गॅरेज गाडीतळाच्या पुढे, आतल्या गल्लीत. मामांना आईने कळवलं होतं. ते पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"या इंजिनिअर बाई," मामा म्हणाले. "पंचनामा कुठून सुरू करायचा?"

"दादा, तिचं कामच तसंय," आई म्हणाली.

जगताप साठीचे, हात पुसत बाहेर आले. मी बेल्टचं विचारलं. "डबा दिलाय म्हणजे बदलला हाय की," ते म्हणाले. मी डबा उघडून बेल्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, अंगठ्याने दाते चाचपले आणि जॅक आणायला गेले.

उजवं चाक काढलं. इंजिनला खालून टेकू देऊन वरचं माउंटिंग सोडलं, मग बेल्टवरचं कव्हर. आत जुना बेल्ट होता. पाठ चकाकत होती, कडेचे धागे सुटले होते. पंपाखाली कूलंटचे पांढरट ओघळ होते.

मी मामांकडे पाहिलं. मामा बेल्टकडे पाहत होते.

जगतापांनी कव्हर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वहिनींचा फोन आला होता त्या दिवशी. आठवतंय का साहेब? मी उघडायलाच बसलो होतो. तुम्ही रिक्षानं आलात, किल्ली घेतली आन् गेलात. डबा मीच डिकीत टाकला. म्हटलं, येतील परत."

मामा परत गेले नव्हते. वहिनी म्हणजे माझी मामी. त्यानंतर पाच-सहा महिने तिचे उपचार चालले, मग ती गेली.

"तिची हॉस्पिटलची पिशवी ठेवताना डबा दिसला होता," मामा म्हणाले. "मला वाटलं, काम झालं."

गोष्ट पटण्यासारखी होती. सगळे दुवे जुळत होते. पण दुवे जुळणारी गोष्ट रचताही येते. जगतापांना विचार करायला जॅक लावण्याइतका वेळ मिळाला होता. मी वाकून बेल्ट पुन्हा एकदा पाहिला.

आई म्हणाली, "मुंबईला नेत होतास ना तिला, दर आठवड्याला. याच गाडीतून."

माझ्यापुरता निकाल तिथे लागला. बेल्ट जुना आहे हे माहीत असताना कोणी आजारी बायकोला त्यात बसवून घाटातून नेणार नाही. मामा खोटं बोलले नव्हते. जगतापांबद्दल मी तसं म्हणू शकत नाही. त्यांच्या बाजूने माझ्याकडे फक्त त्यांचा शब्द आहे.

"घाटातून नेत होतो मी तिला," मामा म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही. मग उठून चहा सांगायला गेले.

पुढचं काम मी शेजारी उभी राहून पाहिलं. तुम्हीही उभे राहा. जुना बेल्ट काढण्याआधी, तो ज्यांना जोडतो त्या क्रँक आणि कॅम शाफ्टच्या खुणा जुळवून, त्या हलू नयेत म्हणून पिना लावायच्या. पंप, टेन्शनर, पुली बदलायची. नवा बेल्ट चढवून ताण मॅन्युअलप्रमाणे द्यायचा. मग पिना काढून इंजिन पान्याने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहायचं. त्याआधी किल्ली मारायची नाही. जगतापांनी दोन फेरे दिले. मी म्हटलं, "अजून दोन." त्यांनी दिले. खुणा जुळल्या. काम नीट झालं होतं, यात शंका नाही. चहाबरोबर क्रीम रोल होते. मामांनी खाल्ला नाही. पार्टपेक्षा मजुरी कमी झाली आणि दुपार पूर्ण गेली. तेवढा वेळ धरूनच जा.

परत येताना मी पाचव्या गिअरपर्यंत गेले. म्हात्रे पुलावर आईने विचारलं, "आता बसला का विश्वास?"

"मामांवर, हो."

"आधी नव्हता, हे बोलून दाखवायलाच हवं होतं का?"

"मी काहीच बोलले नाही."

"तेच म्हणतेय," आई म्हणाली.

घरी पोहोचून किल्ली खुंटीला लावली तोच मामांचा फोन आला. आईला नाही, मला. पोहोचलात का, इंजिनचा आवाज कसा येतोय, असं विचारून झालं. मामांच्या सगळ्या गाड्या जगतापांच्याच हाताखालून गेल्या आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून.

"माझ्या स्कूटरचे ब्रेक त्याने मागच्या महिन्यात केलेत," मामा म्हणाले. "एकदा बघशील का?"

जगतापांनी ते नीटच केले असतील, असं म्हणता आलं असतं. तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता.

"रविवारी येते," मी म्हटलं.