नावाचा रकाना

घरातला पहिला पदवीधर असल्यामुळं हिंगोलीच्या एका सायबर कॅफेत लोक इंग्रजी फॉर्म माझ्याकडून भरून घ्यायचे. एकदा एक पोरगा सैन्यभरतीचा फॉर्म घेऊन आला. "साहेब, आजच पोस्टात टाकायचा हाय."

मी संगणकावरच्या गेममध्ये रोमन फौज उभी करत होतो. "पाच मिनिटं थांब," म्हणालो आणि वर ज्ञान पाजळलं, "आधी रोममध्ये जमीनवाल्यांनाच फौजेत घ्यायचे, आता नियम बदललाय. भूमिहीनालाही फौजेत घेतो मी."

"उंची मोजता का तिथं?" त्यानं टाचा जुळवत विचारलं.

मी हसलो आणि फौजेमागून फौज भरत राहिलो. तो उभाच होता. भिंतीवरच्या घड्याळात पोस्ट बंद व्हायची वेळ उलटून गेली, तेव्हा त्यानं फॉर्मची नीट घडी घातली.

"तुमची भरती झाली का, साहेब? माझी ऱ्हायली."

फॉर्म भरला असता, तर त्याचं नाव तरी मला कळलं असतं.