मामा, पूनम आणि हलके बूट

जगातली सगळी दुःखं माणसाच्या टाचेपासून सुरू होतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा उंद्रीला राहतात. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, नाहीतर शेताच्या धुऱ्यावरून भाऊबंदांशी भांडायला लागतात; मामा पायांना लागले. तसे ते नोकरीतही समोरच्याचा अर्ज वाचण्याआधी टेबलाखाली वाकून त्याची चप्पल बघत म्हणे. ओळखीचं कोणी रस्त्यात भेटलं की मामांचा रामराम जातो तो थेट त्याच्या घोट्यांना. लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला, की आत कोणाची कंबर धरली आहे आणि कोणाचा गुडघा दिवाळीपर्यंत जाणार, हे ते ढिगाकडे बघून सांगतात. साखरखेर्ड्याच्या एका लग्नात त्यांनी एका पाहुण्याची चप्पल तळ बघायला उलटी धरली आणि नेमका पाहुणाच बाहेर आला. चोर, चोर म्हणून एकच गलका झाला. मामा शांतपणे म्हणाले, "घ्या भाऊ तुमची चप्पल. पण डावी टाच सांभाळा." महिन्याभरात तो पाहुणा लंगडत उंद्रीला हजर झाला.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या आणि मामा बाहेरून माझा बूट हातात घेऊन आले. भर बैठकीत म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण आत झुकते." सासूबाईंचा हात बशीवरच थांबला. वडील घाईघाईनं म्हणाले, "आमच्या घरात तसलं काही नाही हो." मामांचं म्हणणं एवढंच होतं, की चालताना माझे पाय आतल्या बाजूला कलतात आणि बुटाचा तळ आतून घासतो. हे सगळ्यांना पटेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला.

हेच पाय मी आमच्या लेकीला, पूनमला, जसेच्या तसे दिले. आणि तिला जायचं होतं पोलिसात. पहिल्या भरतीत शेवटच्या वळणावर तिची नडगी अशी काही दुखली, की ती लंगडतच रेषेपर्यंत पोचली. यादीत नाव आलं नाही. मग कोणाच्या तरी सल्ल्यानं पायाला आधार देणारे जाडजूड बूट आणले. नडगी शांत झाली, पण पूनम धावली की मागून ट्रॅक्टर येतोय असं वाटे. मैत्रिणीचे कागदासारखे हलके बूट घालून बघितले, तर वेग आला आणि दोन दिवसांत नडगीही परत आली. दुसरी भरती तोंडावर होती. पूनम म्हणाली, "बाबा, यावेळी नाही जमलं त मी हा नाद सोडून देते." तिचा आवाज इतका सपाट होता, की मी उठून मामांना फोन लावला.

मामा पहिल्याच एसटीनं चिखलीला आमच्या घरी आले. आल्या आल्या परातीत पाणी मागितलं, पूनमचे पाय त्यात बुडवले आणि तिला फरशीवर चालवलं. ओले ठसे बघून ओरडले, "हा पाय आहे का लाटलेली पोयी? मधातली कमान कुठी गेली?" मग स्वारी मैदानावर निघाली. पूनमचे घोटे मागून नीट दिसावेत म्हणून मामा धावपट्टीवर चक्क पालथे झोपले. फिरायला आलेल्यांना वाटलं, म्हातारा गेला. एकजण पाणी आणायला धावला. दुसऱ्यानं फिट आली समजून आपली चप्पल त्यांच्या नाकाशी धरली. मामांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "तुमचीबी आतूनच घासून राह्यली. आता सरका, पोरगी दिसत नाही मले."

तिथून आम्ही खामगावला, बुटांच्या मोठ्या दुकानात. विक्रेत्यानं सगळ्यात हलका बूट पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांनी पिळला. "हा त ओला पंचा आहे! हलका पायजे, पण लेचापेचा नाही." दुसऱ्याची टाच अंगठ्यानं दाबली, ती आत गेली, तोही बाद. तासाभरात दुकानभर खोकी पसरली. शेवटी एक बूट त्यांनी खाली ठेवलाच नाही. टाचेची वाटी कडक, तळ सरळ आणि रुंद, आतल्या बाजूचा फोम बाहेरच्यापेक्षा घट्ट, आणि वजनाला एखाद्या वांग्याएवढा. पण रंग कावीळ झाल्यासारखा. पूनमचा चेहरा उतरला. "आजोबा, गुलाबी नाही का यात?"

"पयतानी तुले रंग दिसते काय वं?"

तिनं तो घातला आणि दुकानापासून कोपऱ्यापर्यंत धावत गेली. मामा पायरीवर आडवे. ती परत आली तेव्हा दोघंही हसत होती. विक्रेत्याला मात्र घाम फुटला होता. घरी आल्यावर मामांनी बजावलं, की रोजच्या सरावाला जड बूटच घालायचे आणि हे आधी थोडे थोडे वापरून अंगवळणी पाडायचे. "भरतीच्याच दिवशी कोरे काढले त मी उंद्रीले निघून जाईन."

भरतीच्या दिवशी नातेवाइकांना फाटकाबाहेरच उभं केलं होतं. आत शिट्टी वाजली की मामा फाटकाच्या फटीला डोळा लावत. त्यांना फक्त धूळ दिसत होती. पूनम बाहेर आली ती रडत होती, हसतही होती. आम्ही सगळे एकदम विचारायला लागलो. मामा तिच्यापुढे उकिडवे बसले. "दुखते?"

"नाही आजोबा. शेवटच्या वळणावर मी तिघीइले मागं टाकलं."

खांद्यावरच्या उपरण्यानं मामांनी ते पिवळे बूट पुसले, एक झाला की दुसरा, आणि पुसून झाले तरी पुसतच राहिले.

यादीत नाव आलं. पूनम प्रशिक्षणाला गेली. परवा रविवारी दुपारी मी उंद्रीला मामांकडे बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला. मेसच्या भाजीचं, मैत्रिणींचं, परेडचं भरभरून बोलत होती. मामा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "पूनम, नडगी काय म्हणते?"

"काहीच नाही आजोबा."

"अन् गुडघा? घोटा? थोडंसंही नाही?"

"नाही हो, खरंच नाही."

"बरं बरं," मामा म्हणाले. "चांगलं झालं."

तिनं फोन ठेवला. मामा मात्र फोन हातातच धरून ओसरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलंच झालं म्हणा, जावईबापू." मी "हाव" म्हणालो आणि मामींना आणखी एक चहा ठेवायला सांगितलं.