पातं गार होईपर्यंत

निवृत्तीनंतर मी भोरला घरी लाकडात नक्षी कापायची छोटी मशीन आणली आणि पहिल्याच आठवड्यात डझनभर पाती मोडली. शेवटी कुणीतरी मला विंझर गावच्या एका म्हाताऱ्या सुतारांकडे धाडलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी माझी फळी घेऊन कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "ढकलताय तुमी. लाकूड ढकलायचं न्हाई. पातं खाईल तेवढंच द्यायचं, वळणावर तर लईच दमानं." मग त्यांच्या मशीनला नवं पातं ताणून बसवलं, टिचकी मारली. ते तारेसारखं वाजलं, तेव्हा कुठे कापायला घेतलं.

कापताना मात्र दर दोन-तीन मिनिटांनी ते मशीन बंद करत, घराच्या दाराकडे मान वळवून थोडं थांबत आणि पुन्हा चालू करत. मी विचारलं, "पातं गार व्हावं म्हणून थांबता का?"

"पात्याला काय व्हतंय!" त्यांनी भुसा फुंकला. "गेल्या साली आमच्या मंडळीनं आतनं हाक मारली असंल. मशीनच्या आवाजात मला ऐकूच आली न्हाई. आत गेलो तवा समदं संपलं व्हतं."

त्या दाराला बाहेरून कडी लावलेली होती.

आता माझं पातं महिन्याकाठी एखादंच मोडतं. परवा वळण कापता कापता मी मशीन बंद केली आणि कान दिला. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "काय हो, झालं का कापून?"

"नाही," मी म्हणालो, "तू बोल काहीतरी."