व्हॉल्व्हवरचा हार

झेंडूचा वाळका हार दिसला की लालबागचं ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं होते. तेव्हा तर नवी उपनिरीक्षक. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठीत जबाब लिहिताना अडखळणारी. आमचे हवालदार म्हणायचे, "मॅडम, तुम्ही गप्पच बसा. समोरच्याला वाटतं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

चाळीतल्या एका बाईंचा फोन आला. "मागच्या गटारात पिवळं पाणी येतंय. पोरांच्या पायांना फोड आलेत." गटाराला लागून धातूच्या वस्तूंना मुलामा देणारा कारखाना होता. पाण्याच्या नमुन्यात क्रोमियम हा विषारी धातू सापडला. मालकांनी थेट आपल्या जुन्या कामगाराकडे बोट दाखवलं. "रागाने बादल्या ओतल्या म्हाताऱ्याने. पाणी शुद्ध करायचं माझं मशीन रोज चालतं."

ते जुने कामगार, साठीला आलेले काका, ठाण्यातल्या बाकावर बसले होते. "शेठ सांगत तसा करतंय, मॅडम. मशीनीत पाणी सोडूक माका कोणी कधी सांगूकच नाय."

पण दोन कामगारांनी मालकाच्या बाजूने जबाब दिले होते. वरिष्ठ म्हणाले, "उद्या अटक दाखवा."

त्याआधी मी पंचनाम्याला गेले. मशीन म्हणजे माणसापेक्षा उंच टाकी, नारळाच्या करवंटीच्या कोळशाने भरलेली. खराब पाणी वरून सोडलं की धातू कोळशाच्या दाण्यांना चिकटतो आणि खालून स्वच्छ पाणी निघतं. मालक हौसेने समजावत होते. मी ऐकत होते आणि वरच्या व्हॉल्व्हकडे बघत होते. त्याच्या चाकाला हार होता.

"हा कधीचा?"

"दसऱ्याचा. पूजा मी स्वतः करतो."

दसऱ्याला चार महिने झाले होते. हाराचा दोरा चाकातून ओवून पाइपाला गाठ मारलेली, गाठीवर कुंकू.

"व्हॉल्व्ह रोज उघडता?"

"रोज सकाळी!"

"मग दोरा तुटला कसा नाही?"

मालकांनी हवालदारांकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघताय?" हवालदार म्हणाले. "मॅडमना सांगा."

टाकीतला कोळसा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल येईपर्यंत काकांची अटक थांबवून घेतली. मशीन खरंच चाललं असतं, तर धातू त्या कोळशातच सापडला असता. अहवालात क्रोमियम नव्हतं. अहवाल समोर ठेवल्यावर मालक बोलू लागले: कोळसा बदलायचा त्रास नको म्हणून टाकी बंदच होती. तपासणीच्या दिवशी खालच्या तोटीतून नळाचंच पाणी सोडून शुद्ध केलेलं म्हणून दाखवायचे. अटक त्यांना झाली. दोन्ही कामगारांनी जबाब फिरवले. रोज ठाण्यात हजेरीला येणारे काका त्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी पोचले आणि गटारातलं पिवळं पाणी थांबलं.

माणसांचे चेहरे वाचणं मला कधीच नीट जमलं नाही. लाजाळूपणामुळे मी नजर चेहऱ्यावरून बाजूला वळवायचे, आणि तिथल्या वस्तू दिसायच्या. ही उणीव नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या दसऱ्याला काका हार घेऊन ठाण्यात आले. जीपभोवती एक फेरी मारून विचारलं, "मॅडम, गाडी रोज चलता मा?"

"रोज."

"मग स्टिअरिंगाक नको," म्हणत त्यांनी तो बॉनेटवर बांधला.